मेणाचं जॅकेट की गोअर-टेक्स?

मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहते आणि सुट्टी मिळाली की लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत जाते. तिथल्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा जास्त आणि बोचरा गार. इकडे नव्याने आलेली मुलं विचारतात, "ताई, जॅकेट कुठलं घेऊ?" मी आधी विचारते, डोंगर चढणार आहेस की नुसता हिंडणार?

चढणार असाल तर गोअर-टेक्ससारखं, म्हणजे आत पातळ पापुद्रा लावलेल्या कापडाचं घ्या. त्याच्या पापुद्र्यातल्या छिद्रांतून पाण्याचा थेंब शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. मेणाचं जॅकेट म्हणजे मेण मुरवलेलं सुती कापड; त्यातून वाफ फारशी जात नाही, चढणीवर आतूनच भिजायला होतं. पण कुत्रा फिरवायला, काटेरी कुंपणांतून, शेकोटीशी बसायला मला मेणाचंच हवं. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्सला बार्बर कंपनी १८९४ पासून खलाशी नि गोदी कामगारांना असे कपडे पुरवत आली, ते उगाच नाही.

जुलैत राजमाचीला जाताना मात्र दोन्ही नकोत. दमट हवेत वाफ बाहेर जायला मागत नाही आणि उकाड्यात मेण चिकट होतं. साधा विंडचीटर घाला, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

गोअर-टेक्सवर थेंब ओघळायचे थांबले, कापड ओलं दिसू लागलं, की धुवा. लिक्विड साबण थोडाच, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, दोनदा खळबळा. मग लेबल बघून ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा. त्या उष्णतेने थेंब पुन्हा ओघळू लागतात.

मेणाचं जॅकेट मशीनमध्ये कधीच टाकू नका. साबण नको, गरम पाणीही नको. मेण निघून जातं. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, गार पाण्याच्या स्पंजने पुसा, पूर्ण वाळवा. वर्षातून एकदा, पावसाआधी, मेण द्या. डबा गरम पाण्यात ठेवून मेण तेलासारखं पातळ करा. जुन्या फडक्याने थोडं थोडं चोळा. शिवणी, खांदे, कोपरांच्या घड्या इथे जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. कॉलरचं कॉर्डरॉय, अस्तर आणि खिशांची आतली बाजू सोडा. मग हेअर ड्रायर फिरवा: पांढुरके डाग विरघळून कापड एकसारखं गडद दिसायला हवं. जिथे फिकट राहिलं तिथे पुन्हा फडकं मारा.

रात्रभर उबदार जागी, इतर कपड्यांपासून लांब टांगा. सुरुवातीचे काही दिवस गाडीच्या सीटवर जुना टॉवेल टाकूनच बसा.