माळेगावच्या नजरेनं फिलींची रेस बघा

माझं गाव लोहा तालुक्यातलं. माळेगावच्या यात्रेत अण्णांच्या मागं फिरून मी घोडं बघायला शिकलो. तीच नजर घेऊन आता दर डिसेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जातो, इंडियन १००० गिनीज बघायला. तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे आपल्या बछेरींची, १६०० मीटरची ही रेस. हे नाव इंग्लंडातल्या न्यूमार्केटच्या १८१४ पासूनच्या रेसवरून आलं.

नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सकाळी दादर गाठा, तिथून लोकलनं महालक्ष्मी. आत गेल्यावर खुर्ची शोधू नका, पॅडॉकचा कठडा धरा. रेसआधी मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारे, तिथल्या रिंगणात बछेरी फिरवून दाखवतात, खरं बघणं तिथंच.

माळेगावात जबडा उघडून वय बघतो. अडीच वर्षांच्या पुढं मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात. इथं हात लावता येत नाही, आणि कागदावरचं वय फसवं असतं. भारतात थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेली आणि एप्रिलातली, दोघी तीनच वर्षांच्या! म्हणून अंग बघा. पुठ्ठा, म्हणजे पाठीचा मागचा भाग, खांद्यापेक्षा उंच दिसला तर ती अजून वाढीत आहे.

मग चाल. मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडलं पाहिजे, मान सैल डुलली पाहिजे. मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसला तर जपून. एका वर्षी मला एक काळीभोर बछेरी फार आवडली होती. फेस बघूनही मी मन वळवलं नाही. पॅडॉकमध्येच तिनं सगळी ताकद घालवली होती, शेवटच्या वळणावर तिच्यात काही उरलं नाही.

देवमण, भोवरे अशा अंगावरच्या केसांच्या खुणांवर आपल्याकडं भाव ठरतो. इथं ते विसरा. आणि घोडी म्हणून कमी लेखू नका: नरही धावतात त्या इंडियन डर्बीची १९४३ ची पहिली रेस प्रिन्सेस ब्यूटिफुलनं, एका फिलीनं, जिंकली.

रेस पावणेदोन मिनिटांच्या आत संपते. एकच बछेरी निवडा आणि सुटल्यापासून तिच्यावरची नजर काढू नका.

संपल्यावर लगेच निघू नका. परत आलेल्या बछेरींच्या कुशी बघा, भात्यासारख्या हलत असतात. ज्या बछेरीचा श्वास आधी शांत होतो तिचं नाव लिहून ठेवा, मग ती चौथी का आलेली असेना. पुढं फिलींच्याच २४०० मीटरच्या रेसला, इंडियन ओक्सला, मी पॅडॉकमध्ये पहिल्यांदा तिलाच शोधतो.