दोन सीसीएन काउंटर शेजारी लावण्याआधी

ढगाचा थेंब नुसत्या वाफेतून बनत नाही, वाफेला धरायला कण लागतो. अशा कणांना सीसीएन म्हणतात, आणि ते हवेत किती आहेत, हे सीसीएन काउंटर मोजतो. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की यंत्राच्या पडद्यावर दिसणारी अतिसंपृक्तता, म्हणजे आतल्या हवेत मावते त्याहून किती टक्के जास्त वाफ आहे तो आकडा, खरी धरू नका. ती स्वतः तपासा.

सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, आम्ही दोन काउंटर एकाच इनलेटला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीला, जोडले होते. दोन्हींवर अतिसंपृक्तता 0.2 टक्के लावलेली, तरी एकाचा आकडा सतत कमी. नळ्या तपासल्या, प्रवाह मोजला, फिल्टर लावून शून्य येतं का पाहिलं. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी जुनी वही चाळताना उलगडा झाला. कमी मोजणाऱ्या यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचे आकडे ताडून घेण्याचं काम, समुद्रकिनारी झालं होतं.

या यंत्रात एक उभी नळी असते. तिच्या भिंती आतून ओल्या, वरून खाली गरम होत जाणाऱ्या. पाण्याची वाफ उष्णतेपेक्षा लवकर पसरते. म्हणून नळीच्या मध्यावर वाफ आधी पोचते, ऊब मागाहून, आणि तेवढ्यात तिथली हवा अतिसंपृक्त होते. तापमानातला फरक आणि प्रवाह तेच ठेवून हवेचा दाब घटला, तर अतिसंपृक्तताही साधारण त्याच प्रमाणात घटते. आमचं 0.2 माथ्यावर 0.17 च्या आसपास आलं होतं, म्हणून थेंब होणारे कणही कमी.

हा 0.17 चा आकडा कळला अमोनियम सल्फेट या क्षारामुळे. त्याचं द्रावण फवारून, नीट वाळवून, डीएमएने (विद्युतभार दिलेले कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्राने) एकाच आकाराचे कण निवडायचे. अर्धी हवा सीपीसीकडे (सगळे कण मोजणाऱ्या यंत्राकडे), अर्धी काउंटरकडे. निम्मे कण ज्या आकाराला थेंब होतात, तो आकार पाहायचा. 0.2 टक्क्यांना तो 80 नॅनोमीटरच्या थोडा वर यायला हवा. आमचा 90 च्या पुढे गेला. दोन विद्युतभार घेतलेले मोठे कणही या निवडीत घुसतात, त्यांची वजावट विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले होते आणि आलेख भलताच पसरट दिसला.

दोन्ही यंत्रांचं कॅलिब्रेशन जागेवरच, एकाच द्रावणाने करा. त्याआधी दोघांची सरासरी काढायचा मोह होतो, तो टाळा. आणि 0.1 टक्क्याजवळ मोजताना थेंबांच्या आकाराचा आलेख जरूर उघडा. तिथे थेंब पुरते वाढत नाहीत, थेंब मोजणाऱ्या शोधकाच्या सगळ्यात लहान आकाराच्या खणांत दाटी होते, काही त्याखाली राहून मोजलेच जात नाहीत.