बेस वाजला की हेडलाइट मंद होतात? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की लातूरला आमच्या दुकानात अशा गाड्यांची रांग लागते. मागे बारा इंची दोन वूफर, हजार वॅटचा अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर), आणि बेस पडला की हेडलाइट डुलक्या घेतात. मालकाचं म्हणणं ठरलेलं: "भाऊ, मोठी बॅटरी टाका."

इथेच पैसे वाया जातात. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. गाडी चालू असताना वीज देतो ऑल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री अजून डायनॅमो म्हणतात. हजार वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी अॅम्प, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा प्रकार, पूर्ण जोरात 13.8 व्होल्टला साधारण 90 अॅम्पिअर ओढतो. लहान गाडीच्या ऑल्टरनेटरची सगळी ताकदच तेवढी, कधी त्याहून कमी. त्यातून एसी आणि दिव्यांचा वाटा आधीच जातो. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून निभावतं. आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली तापलेला ऑल्टरनेटर आणखी कमी देतो.

म्हणून आधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, गाणं जोरात, आणि एक माप बॅटरीवर, दुसरं अॅम्पच्या टोकांवर. बॅटरीवरच 12.5 व्होल्टच्या खाली येत असेल तर ऑल्टरनेटर कमी पडतोय. बॅटरीवर ठीक आणि अॅम्पवर अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल, तर खोट वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे अॅम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडतो तिथे आहे.

औशाहून आलेल्या एका बोलेरोत दोन महिन्यांत दुसरी बॅटरी बसवली होती. अॅम्पपाशी दीड व्होल्ट कमी. अर्थिंगचा बोल्ट काढला तर थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) गाडीचा पांढरा रंग तसाच, आणि बोल्टभोवती जळका काळा डाग. कानशीने घासून चकचकीत पत्रा काढला, थिंबल नीट दाबून बसवली, वरून ग्रीस लावलं. फरक 0.2 व्होल्टवर आला. बॅटरीला काहीच झालं नव्हतं! आणि अर्थिंगसाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीच वापरू नका, तो जिवासाठी आहे.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. एवढ्या मोठ्या अॅम्पला अस्सल तांब्याची 25 स्क्वेअर एमएम लागते. ऑल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी या तीन वायरीही तेवढ्याच जाड करा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो. अॅम्पची अर्थिंग त्या टोकावर नको, बॉडीवर घ्या, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो.

फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. तो अॅम्पसाठी नाही, वायरसाठी असतो. पत्र्याच्या भोकातून रबर ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) नेलेली वायर एक दिवस सोलते, आणि फ्यूज नसेल तर गाडी पेटते. या एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकाशी भांडतो, फ्यूजशिवाय गाडी बाहेर सोडत नाही.

कपॅसिटर क्षणभरापुरती थोडी वीज साठवतो, तो लावून ऑल्टरनेटरची ताकद वाढत नाही. इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून कुंईऽऽ आवाज येत असेल तर आरसीए (अॅम्पला गाण्याचा सिग्नल देणारी वायर) आणि पॉवरची वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या, अर्थिंगही परत तपासा.

पंधरा दिवसांनी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून सगळ्या थिंबल पुन्हा आवळा. आपल्या रस्त्यांवर त्या ढिल्या होतात, आणि ढिली थिंबल हाताला गरम लागते.