राज्य जीएसटीची नोटीस आली, तर वकील कसा गाठायचा

कृषी केंद्र असो की कापसाचं जिनिंग, नोटीस जीएसटी पोर्टलवर पडते. नोंदणीत मोबाइल नंबर अकाउंटंटचा असेल तर मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी स्वतः लॉगिन करा आणि ‘सर्व्हिसेस’, ‘युजर सर्व्हिसेस’ मधून ‘व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ उघडा. पुष्कळ कागद तिथेच पडून असतात.

आधी फॉर्मचा नंबर पाहा. एएसएमटी-१० ही रिटर्नमधल्या तफावतीची विचारणा, डीआरसी-०१ ही कारणे दाखवा नोटीस. या दोन्हींचं उत्तर तालुक्याचा अनुभवी कर सल्लागार किंवा सीए देऊ शकतो. डीआरसी-०७ मात्र कर भरण्याचा आदेश. तो कळल्यापासून ३ महिन्यांत अपील. सबळ कारण असेल तर आणखी १ महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्याला सूट देताच येत नाही. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आणि तिथला खर्च. अपिलासोबत वादातल्या कराच्या १० टक्के भरावे लागतात, तेवढ्याची सोय आधीच ठेवा.

इथे वकील लागतो, आणि तोही जीएसटीची कामं करणारा. शेतीचे, फेरफाराचे दावे चालवणाऱ्यावर हे काम टाकू नका. वकिलांना जाहिरात करायची मुभा नाही, त्यामुळे नाव विचारूनच काढावं लागतं: जिल्ह्याचा वकील संघ (बार), बाजार समितीतले व्यापारी, ज्यांचं अपील निकाली निघालं ते जिनिंगवाले. पहिल्याच भेटीत मुदत कोणत्या तारखेला संपते ते विचारा. नोटीस न वाचता ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून उठा. उत्तर, सुनावणी, अपील यांची फी वेगवेगळी लिहून घ्या.

कापसाचं प्रकरण असेल तर एक गोष्ट स्वतः तपासून जा. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर नोंदणीकृत खरेदीदारानेच भरायचा आहे, शेतकऱ्याने नाही. तो पोर्टलवरच्या रोख खात्यातून जातो, क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट) वळवता येत नाही. जीएसटीआर-३बी या रिटर्नमध्ये ३.१(ड) त आकडा दाखवायचा राहिला आणि क्रेडिट मात्र घेतलं, की तफावत निघालीच. खरेदीच्या पावत्या, काटा पावत्या आणि बँकेचा उतारा महिन्यानुसार लावून न्या.

डीआरसी-०६ मध्ये, म्हणजे कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तराच्या फॉर्ममध्ये, उत्तर भरताना ‘पर्सनल हिअरिंग’ (प्रत्यक्ष सुनावणी) समोर ‘येस’ निवडलंय ना, हे सबमिट करण्याआधी वकिलाच्या शेजारी बसून पाहा.