इस्रायलला केअरगिव्हर म्हणून जाताय? मग आधी भाषेचं बघा

मी साडेचार वर्षं अश्दोदला एका आजींकडे काम करून तासगावला परत आलोय, आणि आल्यापासून चार-पाच पोरांनी एकच विचारलंय, की दादा तिकडं इंग्रजीवर भागतं का. ठिबक बघायला आठ दिवस जाणाऱ्या बागायतदारांचं भागतं, रस्त्यावरच्या पाट्या पण हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत असतात. पण म्हातारं माणूस सांभाळायचं तर नाही भागत.

पहिलं काम म्हणजे एजंटला विचारा, ज्या घरात जायचंय तिथं कुठली भाषा बोलतात. मी हे विचारलं नाही आणि तीन महिने हिब्रू घोकून गेलो, तर आजी रशियन! १९९० नंतर सोव्हिएतमधून दहा लाखांच्या आसपास लोक तिकडं आले, त्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना अजून रशियनच जवळची. मोरोक्कोकडचे आजोबा असले तर अरबी किंवा फ्रेंच, इथिओपियाचे असले तर अम्हारिक, बेने ब्राकसारख्या कट्टर धार्मिक वस्तीत यिद्दिश, जी लिहितात हिब्रू अक्षरात पण आहे जर्मनच्या जवळची. त्या घरच्या भाषेतले पाणी, दुखतंय, संडास, गोळी एवढे शब्द आधी पाठ करा, बाकी नंतर.

हिब्रू मात्र शिकायचीच, कारण दवाखाना, बस, दुकान सगळीकडं तीच. २०१८ च्या कायद्यानं देशाची भाषा तीच एक ठेवली, अरबीला खास दर्जा दिला. अक्षरं २२, उजवीकडून डावीकडं लिहायची, आणि वैताग म्हणजे स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, म्हणजे आपण काना-मात्रा-वेलांट्या गाळून लिहावं तसं. त्यामुळं वाचनाच्या मागं लागू नका, आधी कानानं शिका.

आपल्याला एक गोष्ट सोपी जाते, ती म्हणजे लिंग. आपण बोलतो-बोलते म्हणतो तसं तिकडं पुरुष ‘अनी मेदाबेर’ म्हणतो, बाई ‘अनी मेदाबेरेत’. पण ‘तू’ला पण लिंग आहे, इथं आपण फसतो. बाप्याला ‘अता’, बाईला ‘अत’. आजोबांना पाणी विचारायचं तर ‘अता रोत्से मायिम?’ आणि आजींना ‘अत रोत्सा मायिम?’ कुठं दुखतंय, हे आजोबांना ‘मा कोएव लेखा?’, आजींना ‘मा कोएव लाख?’ मी पहिला महिनाभर आजींशी बाप्याच्या भाषेत बोलत होतो, त्यांची सून हसून हसून बेजार.

लक्षात ठेवायला गंमत सांगतो. हिब्रूत ‘हू’ म्हणजे तो, ‘ही’ म्हणजे ती आणि ‘मी’ म्हणजे कोण! आजीला ‘सावता’ म्हणतात, आपल्या सावता माळ्यांमुळं हा शब्द मी कधी विसरलो नाही. ‘केन’ हो, ‘लो’ नाही, ‘रेगा’ जरा थांब, ‘बेसेदेर’ ठीक आहे. ‘सबाबा’ आणि ‘याल्ला’ दिवसभर कानावर पडतात, दोन्ही अरबीतनं आलेले.

अवघड वाटलं तर एवढं ध्यानात घ्या की ही भाषा शेकडो वर्षं पूजा-पोथीतच होती, घरात कुणी बोलत नव्हतं. १८८१ मध्ये एलिएझेर बेन येहुदा नावाचा माणूस तिकडं गेला आणि त्यानं स्वतःच्या पोराशी फक्त हिब्रूतच बोलायचं ठरवलं, आजूबाजूला बोलणारं घर नसताना. नवीन आलेल्या लोकांना शिकवायला ‘उल्पान’ नावाचे वर्ग असतात, गावात आहे का आणि तुम्हाला घेतात का विचारून बघा, सुट्टीचा वार जुळला तर लई फायदा.

आणि मराठी? ती पण आहे तिकडं. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, ज्यांना आपल्याकडं शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद, त्यांची घरं दिमोना, अश्दोद, लोद भागात आहेत. पोरं हिब्रूच बोलतात, पण साठीच्या पुढचं कुणी ‘कर’ आडनावाचं भेटलं तर बिनधास्त मराठीत सुरू करा. जाताना सांगलीचं भडंग दोन पाकिटं जास्त घ्या, माझं पहिलं पाकीट पंधरा मिनिटांत संपवलं त्यांनी.