वादविवादाचा मुद्दा बांधताना ‘म्हणून’ तपासा

खान्देशातल्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत खड्या आवाजाची आणि पाठ केलेल्या शेरांची वानवा नसते. गुण जातात ते ‘म्हणून’ या शब्दापाशी. त्याच्या अलीकडचे वाक्य आणि पलीकडचे वाक्य जोडलेलेच नसते.

आपल्याकडचाच विषय घेऊ : ‘केंद्र सरकारने केळीला हमीभाव जाहीर करावा.’ बाजू अनुकूल.

आधी शब्द फोडा. ‘केंद्र सरकारने’ म्हटले आहे, त्यामुळे राज्याच्या योजनेवर भागणार नाही. ‘हमीभाव’ म्हणजे नुसता जाहीर आकडा, की सरकारी खरेदीसुद्धा? हे पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्हीच सांगा, नाहीतर प्रतिकूल वक्ता आपल्या सोयीची व्याख्या करून मोकळा होतो.

आता मुद्दा. नेहमी ऐकू येतो तो असा : ‘केळी उत्पादक संकटात आहे, म्हणून हमीभाव द्या.’ संकट खरे धरले तरी त्यातून हमीभावच का निघतो? विमा का नको, शीतगृह का नको? मधल्या पायऱ्या भरून पाहा. कापसाचा भाव पडला तर शेतकरी घरात कापूस भरून ठेवतो आणि वाट पाहतो. केळीचा घड तयार झाला की कापावाच लागतो, आणि कापलेला माल काही दिवसांत पिकतो. थांबता येत नाही, म्हणून व्यापारी सांगेल त्या भावाला द्यावा लागतो. तरी ज्याला थांबता येते त्या कापसाला हमीभाव आहे आणि केंद्राच्या २२ पिकांच्या यादीत केळी नाही. आता ‘म्हणून’ला आधार मिळाला.

पण इथे थांबू नका. हीच साखळी उलटी फिरते. माल नाशवंत असल्यामुळे शेतकरी थांबू शकत नाही, तर सरकार तरी खरेदी करून ठेवणार कुठे? तयारीचा प्रतिस्पर्धी नेमका इथे घाव घालणार. त्याचे उत्तर तुमच्याच भाषणात हवे : खरेदी न करता बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करणे. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजनेत काही पिकांसाठी हे केले. मात्र तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याची टीकाही झाली, तिची तयारी ठेवा. आणि हे उत्तर निवडलेत तर सुरुवातीच्या व्याख्येत ‘सरकारी खरेदी’ राहता कामा नये. व्याख्या बोलायची सगळ्यात आधी, पण कागदावर पक्की करायची सगळ्यात शेवटी, ती यासाठी.

पुरावा जेवढे सिद्ध करतो तेवढेच म्हणा. केरळने नोव्हेंबर २०२० पासून १६ प्रकारच्या भाज्या-फळांना आधारभाव लागू केला, त्यात नेंद्रन केळीही आहे. यावरून फळाला भाव बांधून देता येतो एवढे दिसते. केंद्राने तो द्यावा, हे दिसत नाही. तो सांधा वेगळ्या युक्तिवादाने भरावा लागेल. ‘एका सर्वेक्षणानुसार’ हे तर बोलूच नका. कोणाचे, कधीचे, हे सांगता येत नसेल तर परीक्षक ते वाक्य खोडूनच टाकतो.

वेळ सहा मिनिटे असेल तर मराठीत सव्वासहाशे शब्द खूप झाले. एवढ्यात दोनच मुद्दे बसतात. व्याख्येला अर्धे मिनिट, मुख्य मुद्द्याला अडीच, दुसऱ्याला दीड, खंडनाला एक, समारोपाला अर्धे. तिसरा मुद्दा कोंबला की पहिल्याच्या मधल्या पायऱ्या गळतात आणि पुन्हा ‘संकट आहे, म्हणून…’वर येता.

खंडनात समोरच्याची आकडेवारी खोटी ठरवत बसू नका. एका मिनिटात ते जमत नाही. त्याचा आकडा मान्य करा आणि त्यातून काढलेला निष्कर्ष कसा निघत नाही, ते दाखवा.

मुद्दा घरी अहिराणीत कुणाला तरी सांगून पाहा. पुस्तकी शब्द मदतीला येत नाहीत आणि कुठली पायरी तुम्हालाच कळलेली नाही ते लगेच कळते.

संघात एक अनुकूल आणि एक प्रतिकूल वक्ता असेल तर निम्मे काम सोपे. आदल्या रात्री कागदांची अदलाबदल करा आणि प्रत्येक ‘म्हणून’खाली लाल रेघ मारा. ज्या रेघेविरुद्ध जोडीदाराला सलग तीस सेकंद बोलता येते, ती पायरी सकाळपर्यंत पुन्हा बांधा.