बोटीवर टूना टॉवर लावायचा का नाही, हे कसं ठरवायचं

माझा साडू मालवणला असतो, त्याची 28 फुटी फायबरची बोट आहे, लोकांना गळानं मासे पकडायला घेऊन जातो. दिवाळीत नागपूरला आला तर हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या शेडमधे उभा राहून म्हणे, साडूभाऊ, तुमचं अ‍ॅल्युमिनियमचं काम आहे ना, मग मला टूना टॉवर बनवून द्या की. हसू नका, समुद्र कुठं अन् हिंगणा कुठं हे मलाही कळतं, पण पाइप अन् वजनाचं गणित इथं काय अन् तिथं काय, सारखंच.

टॉवर म्हणजे बोटीवरचं पाइपचं मचाण. पेंचला जाऊन आलेल्यांना लगेच समजेल, फरक एवढाच की वरूनही बोट चालवता यावी म्हणून तिथं दुसरं स्टीअरिंग अन् थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा, असतो.

पहिला प्रश्न पैशाचा नाहीच, तुम्ही मासा डोळ्यानं शोधता का हा आहे. फ्लोरिडात लोक टॉवरवरून कोबिया शोधतात, म्हणजे आपला सकला, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो अन् तिथलं पाणी स्वच्छ असतं, दिसला की त्याच्या पुढ्यात आमिष टाकायचं. तुम्ही जर मागं गळ ओढत फिरत असाल, नाहीतर नांगर टाकून तळाला गळ सोडत असाल, तर वर चढून काय पाहणार बे? कोकणात किनाऱ्याजवळचं पाणी बऱ्याचदा गढूळच असतं, तिथं 20 फुटावरूनही गढूळच दिसणार. अंदमान-लक्षद्वीपकडची गोष्ट वेगळी.

उंचीचा फायदा मात्र खोटा नाही. डोळा पाण्यापासून 2.5 मीटरवर असेल तर क्षितिज साधारण 5.6 किलोमीटरवर येतं, 6 मीटरवर असेल तर 8.7. कुप्याच्या, म्हणजे टूनाच्या, थव्यावर पक्षी घिरट्या घालतात ते लांबून हेरायला हे कामाचं. पण जवळच्या माशासाठी खरा फरक नजरेच्या कोनाचा आहे: 15 मीटरवरच्या माशाकडं डेकवरून नजर जेमतेम 9-10 अंश तिरपी जाते, पाण्यावर नुसती चकाकी, टॉवरवरून तीच 22 अंशांच्या आसपास जाते अन् पाण्याच्या आतलं दिसायला लागतं. म्हणून आधी 2-3 ट्रिपा पोलराइज्ड गॉगल, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, घालून पाहा, बरंचसं काम तिथंच होऊन जातं.

आता वजन, इथं मी साडूला तासभर बसवून ठेवला. 2 इंची, 3 एमएम जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप मीटरला साधारण 1.2 किलो, 40 मीटर लागला तर 48 किलो, वर फळी, सीट, स्टीअरिंग, केबली. तो म्हणे एवढंच? अहो पण वर माणूस चढणार ना, 80 किलोचा! बोट 15 अंश कलली की 5 मीटर उंचीवरचा माणूस 1.3 मीटर बाजूला जातो, डेकवरचा 1 मीटर उंचीला धरला तर जेमतेम 26 सेंटीमीटर. लहानपणी अंबाझरीला बोटिंग करताना कोणी उभं राहिलं की सगळे ओरडायचे ना बस खाली, बस, तसंच हे, फक्त उभा राहणारा 5 मीटर वर.

अन् एक फसवी गोष्ट. वर वजन चढलं की बोट हळूहळू डोलते, लोकांना वाटतं वा, काय आरामशीर झाली, पण ती सावकाश सरळ होऊन राहिली म्हणजे तिची सरळ व्हायची ताकद कमी झालेली असते. शांत पाण्यात दोऱ्या ढिल्या सोडून बोट हातानं हलवा अन् 10 डोलण्यांचा वेळ मोबाइलवर मोजून लिहून ठेवा, मग हा आकडा, बोटीची रुंदी अन् टॉवरचं वजन घेऊन नेव्हल आर्किटेक्टकडं, म्हणजे बोटींचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडं, जा. हा खर्च वाचवू नका, अन् गेट-ग्रिलवाल्याकडून तर टॉवर बिलकुल बनवून घेऊ नका, मी स्वतः ग्रिलवाला आहे म्हणून सांगून राहिलो. 6061-टी6 हा अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत प्रकार, पण त्याचा पाइप वेल्ड केला की जोडाजवळची ताकद निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली, डिझाइन तिथल्या ताकदीवर करावं लागतं.

पाय कुठं बसणार तेही पाहा. फायबरच्या डेकला नुसते स्क्रू मारले तर हलून हलून भोक मोठं होतं अन् आत पाणी शिरतं, त्यामुळं खाली स्ट्रिंगर (बोटीच्या तळातली लांब आडवी तुळई) किंवा बल्कहेड (आतली उभी भिंत) पाहिजे, आरपार बोल्ट अन् मागं प्लेट. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मधे नायलॉन घाला.

बाकी ज्याखालून बोट जाते ते पूल, ट्रेलरवर नेताना वरच्या विजेच्या तारा, हे मोजून घ्या. पावसाळ्यात बोट वर ओढून शेडमधे ठेवता ना, टॉवर आत मावणार का? साडूच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. घडी होणारा टॉवर मिळतो, पण त्याचे सांधे कालांतरानं खडखडतात.

शेवटी त्याला म्हटलं, एक सीझन वही ठेवा, आधी वरच्या छतावर चढून जाऊ नका, ते माणसासाठी बनलेलं नाही, फक्त लिहा की किती वेळा मासा आधी दिसला अन् मग गळ पडला. मार्चमधे फोन केला तर म्हणे वही भिजली, पण गॉगल मस्त आहे, अजून दोन पाठवा.